एम.ए. संवादशास्त्र: विद्यार्थ्याला नेमकं काय येतं, हे तपासायचं कसं

नॅकची, म्हणजे महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, समिती येणार म्हटलं की विभागात एक्सेलची फाईल फिरू लागते. डावीकडे सीओ, म्हणजे एका पेपरच्या निष्पत्ती (शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावं ते), वर पीओ, म्हणजे अख्ख्या अभ्यासक्रमाच्या, मधल्या चौकटींत १, २, ३. मीही ती भरली आहे, रात्री साडेअकराला, मागच्या वर्षीचे आकडे थोडे इकडेतिकडे करून. फाईलमध्ये आमची निष्पत्ती झकास दिसत होती. त्याच आठवड्यात संशोधन पद्धतीच्या पेपरात वरची श्रेणी मिळवलेल्या एका मुलीला तोंडी परीक्षेत विचारलं, ‘तू शंभर वाचकांचं सर्वेक्षण केलंस, ते वाचक कुठले?’ ती म्हणाली, ‘सर, व्हॉट्सॲपवर फॉर्म टाकला होता. ज्यांनी भरला ते.’ मग लघुप्रबंधाच्या नावात ‘गोव्यातील वृत्तपत्र वाचक’ कसे आले, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. दोन वर्षांत आम्ही तो तिला कधी विचारलाही नव्हता.

हा लेख अशाच छोट्या विभागांसाठी आहे. चार-पाच पूर्णवेळ शिक्षक, एक-दोन पत्रकार पाहुणे म्हणून शिकवायला, वर्गात पंधरा-वीस मुलं. गोव्यातले आमचे बहुतेक पदव्युत्तर वर्ग याच मापाचे असतात. अशा विभागानं सगळं मोजायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षाला दोनच निष्पत्ती घ्याव्यात, मुलांनी केलेलं काम एका टेबलाभोवती बसून वाचावं आणि जे सापडेल त्यातली एक गोष्ट बदलावी. नॅकची फाईल त्यातून आपोआप तयार होते. उलटा प्रवास केला, तर फक्त फाईलच हाती राहते.

गुणपत्रिका असताना हा उद्योग कशाला?

आयएसए (सत्र चालू असतानाचं मूल्यमापन) आणि एसईए (सत्राअखेरची परीक्षा) यांचे गुण आहेतच की, असं पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणणार. गुण खोटे नसतात, पण त्यांत सगळं कालवलेलं असतं: वेळेवर दिलेलं असाईनमेंट, नीटनेटकं अक्षर, पाठांतर, प्रश्नपत्रिकेतला पर्याय, शिक्षकाचा हात सैल की आखडता. ७२ गुणांवरून त्या मुलाला मुलाखत घेता येते का, की फक्त मुलाखतीचे प्रकार लिहिता येतात, हे कळत नाही. गुण एका विद्यार्थ्याबद्दल बोलतात. आपल्याला अभ्यासक्रमाबद्दल बोलायचं आहे: दोन वर्षं इथं काढलेल्या बॅचला काय येतं आणि काय येत नाही.

पहिलं काम: निष्पत्ती लिहिणं, आणि निम्म्या खोडणं

विद्यापीठाच्या कागदावर आधीच दहा-बारा निष्पत्ती छापलेल्या असतील. त्या घेऊन बसा आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: हे आलं, याचा पुरावा म्हणून विद्यार्थ्याकडून माझ्या हातात कुठली वस्तू येईल? निबंध, ध्वनिफीत, बातमी, सादरीकरण, काहीही चालेल. पण वस्तू सांगता आली नाही, तर ते वाक्य खोडा.

‘विद्यार्थ्यास माध्यमांच्या सामाजिक भूमिकेची जाणीव होईल.’ जाणीव कुठल्या कागदावर उतरते? खोडा. त्याऐवजी: ‘गोव्यातल्या एखाद्या सार्वजनिक वादाचं दोन भाषांतल्या माध्यमांनी केलेलं चित्रण संवादाच्या एका सिद्धांताच्या आधारे तपासून, फरकाचं कारण पुराव्यासह मांडता येईल.’ वाक्य लांब झालं, पण यात काय करायचं, कशावर करायचं आणि किती खोल जायचं, तिन्ही आलं.

क्रियापदांसाठी ब्लूमची उतरंड, म्हणजे शिकण्याच्या पातळ्यांची चढती यादी, सगळे वापरतात. मूळ १९५६ ची, २००१ मध्ये सुधारलेली. तिचा उपयोग आहे, पण मी पाहिलेल्या निम्म्या अभ्यासक्रमांत लोकांनी ‘विश्लेषण’, ‘मूल्यमापन’, ‘निर्मिती’ हे शब्द उचलून जुन्याच वाक्यांना लावले आहेत. परीक्षेत मात्र प्रश्न येतो, ‘टिपा लिहा’.

बी.ए.पेक्षा एम.ए. कुठे वेगळं, हेही इथंच ठरतं. बी.ए.च्या मुलाला अजेंडा-सेटिंग (माध्यमं ज्या विषयांवर भर देतात, तेच लोकांना महत्त्वाचे वाटतात) म्हणजे काय ते सांगता आलं तरी पुरे. एम.ए.च्या मुलाला तो सिद्धांत १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत, चॅपेल हिल नावाच्या एका गावातल्या शंभर मतदारांवर तपासला गेला होता, हे ठाऊक असावं. १९७२ मध्ये छापलेलं ते निरीक्षण फोंड्यातल्या मराठी वाचकाला आणि सासष्टीतल्या इंग्रजी वाचकाला जसंच्या तसं लागू करायचं का, अशी शंका त्याला यावी. ही शंका येणं म्हणजेच पदव्युत्तर पातळी, असं मी धरतो.

शेवटी पाच-सहा निष्पत्ती उराव्यात. आमच्याकडे उरल्या त्या अशा: सिद्धांत वापरता येणं, संशोधनाची पद्धत निवडून तिचं समर्थन करता येणं, एकच मजकूर वेगळ्या वाचकासाठी आणि वेगळ्या भाषेत उतरवता येणं, नैतिक पेच ओळखून निर्णय घेता येणं, आणि लोकांसमोर बोलून प्रश्नांना तोंड देता येणं.

दुसरं काम: कोण काय शिकवतं, त्याचा तक्ता

एका बाजूला निष्पत्ती, दुसऱ्या बाजूला सगळे पेपर. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक अक्षर: ‘ओ’ म्हणजे ओळख करून दिली, ‘स’ म्हणजे सराव झाला, ‘प्र’ म्हणजे प्रावीण्य तपासलं. प्रत्येक शिक्षकानं स्वतःच्या पेपरपुरतं भरायचं, तेही असाईनमेंट समोर ठेवून. आठवणीतून भरलं तर प्रत्येक चौकटीत ‘प्र’ येतो. मनुष्यस्वभाव.

आमच्या तक्त्यात नैतिकतेच्या ओळीत सहा ‘ओ’ निघाले. प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात बातमीतल्या नैतिकतेवर एक तास घेत होता. ‘स’ एकही नाही, ‘प्र’ एकही नाही. तेच तेच व्याख्यान मुलांनी सहा वेळा ऐकलं आणि बलात्काराच्या बातमीत पीडितेची ओळख तिच्या गावाच्या नावावरूनही उघड होते, हे प्रत्यक्ष बातमी लिहिताना एकदाही तपासलं गेलं नाही. गोव्यासारख्या ठिकाणी तर वाड्याचं नाव छापलं की अख्खा तालुका माणूस ओळखतो. एवढं एक जरी या तक्त्यातून कळलं, तरी दुपार सत्कारणी लागली म्हणायची.

शनिवारी येऊन शिकवणाऱ्या पत्रकारांनाही या बैठकीला बोलवा. त्यांचे पेपर तक्त्यात कोरे राहतात आणि बऱ्याचदा खरा ‘स’ त्यांच्याच तासाला झालेला असतो.

तिसरं काम: कुठलं काम वाचायचं

नवी परीक्षा घेऊ नका. मुलांकडून आधीच पुष्कळ लिहून घेतलेलं असतं. यंदाच्या दोन निष्पत्तींसाठी त्यातलंच निवडा. सिद्धांत आणि पद्धत यांसाठी शेवटच्या सत्रातला लघुप्रबंध. भाषांतरित मजकुरासाठी आयएसएचं असाईनमेंट. बोलण्यासाठी सादरीकरणाची ध्वनिचित्रफीत. मात्र चित्रीकरणाआधी मुलांची लेखी संमती घ्या.

अठरा मुलं असतील तर अठराही घ्या. एवढ्या लहान वर्गात नमुना काढण्यात अर्थ नाही. नावं काढून क्रमांक टाका. पहिलं पान, ऋणनिर्देश आणि मार्गदर्शकाचं नावही काढा. ऋणनिर्देशात ‘माझे गुरुवर्य’ म्हणून स्वतःचं नाव वाचल्यावर तटस्थ राहणारा प्राध्यापक मला अजून भेटायचा आहे.

चॅटजीपीटी आल्यापासून लिखित लघुप्रबंध हा एकटा पुरावा म्हणून पुरत नाही. म्हणून प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलणं जोडा. ‘ही पद्धत का घेतलीस? दुसरी घेतली असतीस तर काय निसटलं असतं? तुझ्या निष्कर्षाला सगळ्यात जास्त धक्का कोणत्या गोष्टीनं बसेल?’ प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारा आणि उत्तरं टिपून ठेवा. कुणी नक्कल केली ते पकडण्यासाठी ही दहा मिनिटं वापरू नका. त्यासाठी वेगळी यंत्रणा असते. आपल्याला समज कुठवर गेली आहे ते हवं.

चौथं काम: निकषांचा तक्ता, म्हणजे रुब्रिक

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बहुतेक रुब्रिक ‘उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक, असमाधानकारक’ एवढ्यावर थांबतात. त्यानं काहीच ठरत नाही. तुमचं चांगलं ते माझं समाधानकारक. प्रत्येक पातळीवर कागदात काय दिसतं, ते वाक्यात लिहावं लागतं.

आमची सिद्धांताची ओळ बऱ्याच भांडणांनंतर अशी झाली. पहिली पातळी: सिद्धांताची व्याख्या आणि जनकांची नावं दुसऱ्या प्रकरणात आहेत, पुढे त्याचा मागमूस नाही. दुसरी: सिद्धांत विश्लेषणात येतो, पण वरून चिकटवलेला, तो काढून टाकला तरी प्रबंध जसाच्या तसा उभा राहतो. तिसरी: संशोधनाचा प्रश्न किंवा मजकुराची वर्गवारी सिद्धांतातूनच आली आहे, तो काढला तर प्रबंध कोसळतो. चौथी: तिसरीतलं सगळं आहे, शिवाय इथल्या परिस्थितीत तो सिद्धांत कुठे तोकडा पडतो, ते पुराव्यानिशी दाखवलं आहे. वाचणाऱ्याच्या हातात एक कृतीच आली: सिद्धांत मनातल्या मनात काढून पाहा.

उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थ्यानं खाणबंदीचं वार्तांकन निवडलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द ठरवलं, त्यानंतरच्या महिन्याभरातल्या एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकाच्या बातम्या त्यानं तपासल्या. फ्रेमिंगच्या, म्हणजे बातमी कुठल्या चौकटीत मांडली जाते याच्या, सिद्धांतावर त्यानं बारा पानं लिहिली आणि पुढे फक्त बातम्यांची लांबी-रुंदी मोजली, तर पहिली पातळी. बातम्या ‘रोजगार’, ‘पर्यावरण’, ‘कायदा’, ‘राजकारण’ अशा चौकटींत विभागल्या आणि कुठली बातमी कुठे घालायची याचा नियम आधी लिहून ठेवला, तर तिसरी. डिचोली-सत्तरीसारख्या खाणभागातल्या वाचकाच्या घरातच खनिज वाहणारा ट्रक उभा असतो, तेव्हा वृत्तपत्राची चौकट त्याच्या अनुभवापुढे किती टिकते, हे मुलाखती घेऊन दाखवलं, तर चौथी.

आता गोव्याचा खास पेच: भाषा. वर्गात मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी आणि इंग्रजीत लिहिणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी वापरासाठी जागा राहिली, पण वर्गातली उच्चनीचता कायद्यानं मिटत नाही. अस्खलित इंग्रजीतला पोकळ लघुप्रबंध वरची पातळी घेऊन जातो आणि पेडण्याच्या मुलीचं अडखळत्या इंग्रजीतलं पण खरं विश्लेषण खाली राहतं, असं आमच्याकडे झालं आहे. सिद्धांताच्या आणि पद्धतीच्या ओळींतून भाषेचा संबंध पूर्ण काढा. भाषेसाठी वेगळी ओळ ठेवा आणि विद्यार्थ्यानं जी भाषा निवडली, त्या भाषेचा जाणकारच ती भरेल असं ठरवा. रोमी कोंकणी वाचणारं विभागात कुणी नसेल, तर बाहेरून बोलवा. ‘मला ती लिपी येत नाही, सरासरी टाका,’ हे चालणार नाही.

एका निष्पत्तीला तीन किंवा चार ओळी पुष्कळ. दहा ओळींचा तक्ता विसाव्या प्रबंधापर्यंत कुणी प्रामाणिकपणे भरत नाही.

पाचवं काम: एकत्र वाचन

अर्धा दिवस मोकळा काढा. चहा आणि भाजीपाव सांगून ठेवा, मी हे गमतीनं म्हणत नाही. सुरुवातीला मागच्या वर्षीचे तीन लघुप्रबंध सगळ्यांनी वेगवेगळे वाचून पातळ्या द्यायच्या आणि मग उघड करायच्या. पहिल्या फेरीत हमखास गोंधळ होतो. एकानं १, दुसऱ्यानं ४. तिथं मतदान घेऊ नका, वरिष्ठांचं मान्यही करू नका. ज्यानं ४ दिले त्यानं पान उघडून दाखवावं, की हे वाक्य मला चौथ्या पातळीचं वाटलं. बहुधा दोष रुब्रिकच्या शब्दात सापडतो. शब्द दुरुस्त करा, मग पुढे जा.

नंतर यंदाचं प्रत्येक काम दोघांनी वाचायचं आणि त्यांत त्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक नको. दोघांत एका पातळीचा फरक असेल तर बोलून मिटवा, जास्त असेल तर तिसऱ्यानं वाचावं. जमल्यास कोल्हापूर किंवा पुण्याकडचा एक बाहेरचा वाचक घ्या. गोव्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. मुलगी कुणाची हे क्रमांक टाकूनही लपत नाही.

दोन वाचकांचं किती जुळतं, ते मोजायचं तर नुसती टक्केवारी फसवते. समजा, २० प्रबंध आहेत आणि प्रश्न एवढाच, की तिसरी पातळी गाठली की नाही. १२ ना दोघांनीही ‘हो’ म्हटलं, ४ ना दोघांनीही ‘नाही’, उरलेल्या चारांत मतभेद, दोन इकडे दोन तिकडे. म्हणजे २० पैकी १६, ८० टक्के जुळलं. पण दोघांचेही ‘हो’ प्रत्येकी १४ आहेत, म्हणजे ७० टक्के. डोळे मिटून तेवढेच ‘हो’ वाटले असते, तरी ०.७ गुणिले ०.७ अधिक ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ५८ टक्के जुळलंच असतं. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला ‘कप्पा’ (kappa) नावाचा आकडा हा योगायोग वजा करतो: ०.८० मधून ०.५८ वजा, भागिले १ वजा ०.५८. उत्तर ०.५२. हे मध्यम जुळणं झालं, गाजावाजा करण्याइतकं नव्हे. अहवालात दोन्ही आकडे द्या.

सहावं काम: मोजणी, पण आवरतं घेऊन

अठरांच्या वर्गात एक विद्यार्थी म्हणजे साडेपाच टक्के. मागच्या वर्षी ७२ टक्के आणि यंदा ६१ टक्के, म्हणजे फक्त दोन मुलांचा फरक. दोन मुलं एखाद्या वर्षी नोकरी करत शिकत असली, तरी एवढा फरक पडतो. म्हणून ‘१८ पैकी ११’ असं लिहा. ओळींची सरासरीही काढू नका. सिद्धांत ३.१ आणि पद्धत १.९ यांची सरासरी २.५, आणि ती पद्धतीचा सगळा रोग झाकून टाकते. प्रत्येक ओळीत कुठल्या पातळीवर किती जण, एवढा साधा तक्ता पुरतो.

किती जणांनी तिसरी पातळी गाठली म्हणजे आपण समाधानी, हे वाचनाच्या आधी ठरवून इतिवृत्तात लिहा. निकाल पाहून उंबरठा खाली आणायचा मोह सगळ्यांना होतो. फाईलसाठी सीओ-पीओचे १, २, ३ हवेच असतील, तर याच तक्त्यावरून काढा. प्रत्यक्ष पुराव्याला ८० आणि विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला २० टक्के वजन देण्याची अनेक ठिकाणी पद्धत आहे, ती ठेवली तरी हरकत नाही.

अभिप्रायाबद्दल थोडक्यात. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ या प्रश्नाला निरोपसमारंभाच्या आठवड्यात सगळे हो म्हणतात. दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी मुलांशी तासभर गप्पा मारायला सांगा, आणि विचारा की कुठलं असाईनमेंट केल्यावर काहीतरी उजेड पडला, कुठलं निव्वळ पानं भरायला होतं. इंटर्नशिपच्या फॉर्मवर संपादक ‘उत्तम’च लिहितात. त्यांना त्याऐवजी विचारा: या मुलाची कुठली बातमी तुम्ही फारसा हात न लावता छापलीत, आणि कुठली पूर्ण बदलावी लागली? कात्रणं मागवा. माजी विद्यार्थी दैनिकांत, हॉटेलांच्या जनसंपर्कात, इफ्फीच्या (गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) धावपळीत असतात. दोन वर्षांनी एक फोन करून विचारा, पहिल्या सहा महिन्यांत काय येत नव्हतं म्हणून अडलं.

सातवं काम: एक बदल

इथं बहुतेक विभागांचा दम संपतो. अहवालाच्या शेवटी ‘विद्यार्थ्यांना अधिक मार्गदर्शन केले जाईल’ असं वाक्य येतं आणि फाईल कपाटात जाते. बदल असा लिहा, की पुढच्या वर्षी तो झाला की नाही ते कुणालाही तपासता येईल: काय, कुठल्या पेपरात, कोण, कधीपर्यंत.

पेपरचं नाव किंवा श्रेयांक (क्रेडिट) बदलायचे तर अभ्यास मंडळापर्यंत जावं लागतं आणि त्यात वर्ष जातं. पण आयएसएचं स्वरूप तुमच्या हातात असतं. नमुनानिवडीची ओळ कच्ची निघाली, तेव्हा आम्ही नवा पेपर मागितला नाही. दुसऱ्या सत्रातली ‘नमुनानिवडीचे प्रकार’ ही लेखी चाचणी काढून टाकली आणि तिच्या जागी एक काम ठेवलं: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वृत्तपत्र वाचणाऱ्या माणसांचा नमुना कसा काढशील, त्याचा आराखडा दे, प्रत्यक्ष जाऊन दहा जणांना विचार आणि आराखडा कुठे फसला ते दोन पानांत लिही. पहिल्याच खेपेला मुलं चिडून परतली. घाईत कुणी बोलत नाही, वाचणारे फक्त म्हातारे सापडतात, मासळीवाल्या बाया ‘मागीर यो’ (नंतर ये) म्हणतात. ती चिडचिड आम्ही दोन पानांत लिहून घेतली.

बदलाचा परिणाम कधी दिसतो, याचा हिशोब मात्र नीट ठेवा. दुसऱ्या सत्रात बदल केला, तर त्या बॅचचे लघुप्रबंध चौथ्या सत्रात येतात. म्हणजे तीच ओळ पुन्हा वाचायला किमान एक वर्ष थांबावं लागतं. मधल्या वर्षी उरलेल्या निष्पत्तींतल्या दोन घ्या. अशा फेऱ्यांनी तीन वर्षांत सगळ्यांवरून एकदा हात फिरतो.

एक अट सुरुवातीलाच इतिवृत्तात घाला: या आकड्यांचा वापर कुणाही शिक्षकाच्या वैयक्तिक मूल्यांकनासाठी होणार नाही. ही अट नसेल तर पुढच्या वर्षी सगळ्यांच्या चौकटीत ३ येतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

वेळापत्रक आमचं असं बसलं. वर्ग सुरू होताच, जूनच्या शेवटी, यंदाच्या दोन निष्पत्ती आणि उंबरठा ठरवायचा. चवथीच्या सुट्टीआधी तक्त्यातली अक्षरं ताजी करायची. डिसेंबरात रुब्रिकचे शब्द, तेही इफ्फी संपल्यावर, कारण त्याआधी विभागात कुणी सापडत नाही. लघुप्रबंध आले की मेच्या पहिल्या आठवड्यात वाचनाचा दिवस. आणि बदल लिहिण्याची बैठक त्याच आठवड्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी. एकदा आम्ही ती ‘पावसाळ्यात पाहू’ म्हणून पुढे ढकलली होती. ती ऑक्टोबरात झाली आणि तोवर कुणी काय वाचलं होतं, ते कुणालाच आठवत नव्हतं.